मोंढ्यातला हमाल आणि पन्नासपट मुंगी

"मुंगी स्वतःच्या वजनाच्या पन्नासपट ओझं उचलते, मग तुम्ही का मागं पडता?" लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, बारावीच्या नाहीतर नीटच्या मुलांसमोर उभा राहिलेला प्रेरणावक्ता हे वाक्य एकदा तरी टाकतोच. टाळ्या पडतात. सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेत, विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर, शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारातही तेच. आकडा कधी वीस, कधी शंभर, आणि फोनवर फिरणाऱ्या संदेशात तर पाच हजार. आकड्याचा पत्ता नाही, निष्कर्ष मात्र पक्का: मुंगी बलवान, माणूस आळशी.

हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि शाळेच्या भिंतीवरून तो पुसला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. मुंगी बलवान नाही, मुंगी लहान आहे. या दोन वाक्यांतला फरक नववीच्या भूमितीत बसतो आणि नेमका तोच आपण शिकवत नाही.

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, सोयाबीनचा ५० किलोचा कट्टा पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारा हमाल डोळ्यांसमोर आणा. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७० किलो धरू. मुंगी ५ मिलिमीटरची धरू. हमाल मुंगीच्या ३४० पट लांब झाला. आता त्याला सगळ्या बाजूंनी सारखाच आकसवत ५ मिलिमीटरवर आणा. त्याचं वजन किती उरेल? लांबी, रुंदी, जाडी तिन्ही ३४० पटीनं कमी झाल्या, म्हणजे वजन ३४० चा घन, सुमारे ३ कोटी ९३ लाख पटीनं उतरलं. ७० किलोचे राहिले १.७८ मिलिग्रॅम.

ताकदीचं गणित मात्र वेगळं चालतं. स्नायूची ओढ त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या कापाच्या क्षेत्रफळावर ठरते, लांबीवर नाही. दोराचंही तसंच असतं: जाड दोर जास्त ओझं पेलतो, लांब दोर नव्हे. क्षेत्रफळ कमी झालं ३४० च्या वर्गानं, म्हणजे १ लाख १५ हजार ६०० पटीनं. हमालाचे पाय फळीवर चढताना स्वतःचे ७० आणि कट्ट्याचे ५० असे १२० किलो पेलत होते. त्याला १,१५,६०० नं भागलं की येतात सुमारे १,०३८ मिलिग्रॅम. त्यातून स्वतःचे पावणेदोन मिलिग्रॅम वजा करा आणि उरलेल्याला त्याच्या नव्या वजनानं भागा. उत्तर येतं ५८० पटीच्या पुढं.

मुंगीएवढा झालेला मोंढ्यातला हमाल स्वतःच्या वजनाच्या पाचशे ऐंशी पट उचलेल, असं हे गणित सांगतं. पन्नासपटवाली मुंगी त्याच्यापुढं कुठं उभी राहणार? अर्थात हे गणित कागदावरचं आहे. तो हमाल त्या आकारात जिवंतच राहणार नाही, कारण गरम रक्ताच्या प्राण्याची उष्णता कातडीवाटे जाते आणि लहान अंगाला वजनाच्या मानानं कातडी फार. आज माहीत असलेल्या सर्वांत हलक्या सस्तन प्राण्यांत एक इवलीशी चिचुंद्री आहे, दोनेक ग्रॅम वजनाची. जिवंत राहायला तिला रोज आपल्या वजनाहून जास्त खावं लागतं. आपला हमाल तिच्याही हजाराव्या हिश्श्याचा. पण ताकदीपुरतं बोलायचं तर मुंगीचा स्नायू काही चमत्कारी नाही. माणसाचा स्नायू दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलोची ओढ देतो आणि किड्यांचे स्नायूही साधारण त्याच पट्ट्यात येतात.

आता उलटं करा. ५ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिग्रॅम वजनाच्या मुंगीला ३४० पट वाढवून माणसाएवढी करा. वजन झालं सुमारे १९६ किलो. पन्नासपट ओझं उचलणारी मुंगी स्वतःसकट ५१ पट पेलत होती. ५१ ला ३४० नं भागलं की राहतं ०.१५. म्हणजे १९६ किलोच्या देहाला फक्त ३० किलो पेलतील इतकेच पाय. ओझ्याचं सोडा, ती उभीसुद्धा राहणार नाही, पोटावर आपटून पडेल. त्यात श्वासाचा प्रश्न वेगळाच. किड्याला फुप्फुसं नसतात. अंगाच्या बाजूला छिद्रं आणि तिथून आत गेलेल्या बारीक नळ्या, एवढ्यावरच हवा पोचते. मिलिमीटरभर अंतरापर्यंत ही सोय छान चालते, दीड हात लांबीच्या धडात कोलमडते. गॅलिलिओनं १६३८ मध्येच दाखवून दिलं होतं की प्राणी मोठा करायचा तर हाड नुसतं लांब करून भागत नाही, ते बेढब वाटावं इतकं जाड करावं लागतं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये हाच विषय सामान्य वाचकासाठी सोपा करून लिहिला. हेच हाल्डेन पुढं १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

मग हे मोठमोठे आकडे आले कुठून? तेही खोटे नाहीत, आणि खरी गंमत इथंच आहे. पाच हजारचा आकडा घ्या. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभियंत्यांचं एक काम २०१४ मध्ये गाजलं. शेतात मातीचे ढीग रचणाऱ्या एका जातीच्या मुंगीची मान किती मजबूत आहे ते त्यांना मोजायचं होतं. मुंगीला बेशुद्ध केलं, तिचं डोकं एका चकतीला चिकटवलं आणि ती चकती यंत्रात गरगर फिरवली. वेग वाढेल तसं धड बाहेर ओढलं जातं आणि मान ताणली जाते. वजनाच्या ३५० पट ओढीला मान ताणायला लागल्याचं दिसलं, आणि ती तुटली ३,४०० ते ५,००० पटीच्या दरम्यान. ही दोराची परीक्षा झाली. कासरा किती ओढीला तुटतो हे मोजून "आमचा बैल एवढं ओढतो" असं कुणी म्हणालं तर पोळ्याच्या दिवशी त्याला गावात हसतील. बेशुद्ध मुंगीनं त्या यंत्रात काहीही उचललं नव्हतं.

शंभरपटीचंही तसंच. केंब्रिजमध्ये टिपलेलं आणि २०१० साली गाजलेलं एक छायाचित्र आहे. पानं विणून झाडावर घरटं करणारी मुंगी गुळगुळीत काचेला उलटी लटकली आहे आणि जबड्यात तिच्या शंभरपट वजनाचा तुकडा आहे. बघायला थक्क करणारं, पण त्यात मोजली गेली ती तळपायाच्या चिकट गादीची पकड. ओझं घेऊन चालणं, चढणं, वळणं यातलं काहीच तिथं नव्हतं. आणि पन्नासच्या आकड्याला तर बहुधा ना मुंगीची जात जोडलेली असते, ना ओझं कसं धरलं होतं ते. जगात मुंग्यांच्या १२,००० हून जास्त जातींची नोंद झाली आहे. "मुंगी किती उचलते" हा प्रश्न "गाडी किती ओढते" या प्रश्नाइतकाच अर्धवट आहे. कुठली गाडी? लुना की दहा चाकी? दाणे वाहणारी मुंगी रोजच्या धबडग्यात स्वतःच्या वजनाच्या काही पट नेताना दिसते. यात तिला कमीपणा काहीच नाही.

उलट मुंगीची खरी कारागिरी या आकड्यांच्या गोंगाटात दिसेनाशी होते. कामकरी मुंगीला पंख नसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येतात त्या पंखवाल्या मुंग्या म्हणजे राण्या आणि नर. उडणाऱ्या किड्याच्या छातीतली बरीचशी जागा उडण्याचे स्नायू खातात. कामकरणीला ते नकोत, म्हणून तिच्या छातीत मान फिरवणारे आणि पाय हलवणारे स्नायू ऐसपैस पसरले. सूक्ष्म क्ष-किरण चित्रं घेऊन २०२० मध्ये हे तपशिलानं मांडलं गेलं. मराठीत मुंगीला पंख फुटले की तिचा शेवट जवळ आला असं म्हणतात. इथं पंख गेले म्हणून मुंगी कामाची झाली. एवढी सुंदर गोष्ट हाताशी असताना आपण फळ्यावर लिहितो, "पन्नासपट".

गोष्टी लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही, हे इथंच सांगतो. मुंगी चावली आणि माणसात मुंगीचं बळ आलं, किंवा माणूस मुंगीएवढा झाला पण ठोसा माणसाचाच राहिला, अशा चित्रकथा आणि सिनेमे मुलांनी खुशाल बघावेत. मुंगीनं सूर्य गिळल्याचं कूट आपल्या संतवाङ्मयातही आहे. ते ऐकून कुणी दुर्बीण घेऊन धावलं नाही. कल्पित गोष्ट आपण कल्पित आहोत हे लपवत नाही. चूक होते ती त्या गोष्टीतला आकडा विज्ञानाच्या तासाला उचलून आणला जातो तेव्हा.

शिवाय मुलांना त्याच सिनेमावर गणित करायला लावलं तर मजाच आहे. नायक मुंगीएवढा झाला, पण वजन ७० किलोच राहिलं असं धरा. दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ आधी साधारण ३०० चौरस सेंटिमीटर होतं, ते उरलं पाव चौरस मिलिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २७,००० किलोचा दाब झाला. आपल्या घरातली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, आणि बहुतेक चुनखडी दोन-अडीच हजाराच्या आतच चुरते. नायक ठोसा मारायच्या आधी फरशीतून खाली जाईल. त्याच्या देहाची घनता पाण्याच्या जवळपास चार कोटी पट झाली, म्हणजे सर्वसाधारण श्वेत बटू ताऱ्यापेक्षाही (इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यापेक्षाही) दाट. आणि वजनही आकाराबरोबर घटलं असेल, तर ठोशात दम उरत नाही. दोन्हीपैकी एक निवडा म्हणावं.

लहान देहाला भीती कशाची, हे सिनेमात क्वचितच बरोबर येतं. दौलताबादच्या किल्ल्यावरून मुंगी खाली पडली तरी तिला खरचटणारसुद्धा नाही, कारण तिच्या वजनाच्या मानानं हवेचा अडथळा फार आणि ती संथ वेगानं तरंगत येते. पण नळाखालचा पाण्याचा एक थेंब तिला गिळू शकतो. आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर अर्धा-एक किलो पाणी असतं, त्याला ते जाणवत नाही. पूर्ण भिजलेला किडा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी अंगावर वागवतो. उंचीला भिऊ नये आणि थेंबाला भ्यावं असं ते जग आहे. गोष्ट लिहिणाऱ्यांना यात केवढा तरी माल आहे.

आता नेहमीचा आक्षेप. "अहो, पोरांना चार प्रेरणेचे शब्द मिळतात, तुमचं काय जातं?" दोन गोष्टी जातात.

पहिली, हा आकडा कायम खालच्याच्या डोक्यावर मारला जातो. तो ऐकवला जातो रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाला, ओझं वाहणाऱ्या माणसाला. ऐकवणारा बहुधा खुर्चीत असतो. माणसानं किती वाहावं याचं उत्तर मुंगी देत नाही, त्याच्या कण्यातल्या चकत्या देतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगारानं हातानं वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली आहे. महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी १९६९ चा कायदा आहे. हे आकडे फळ्यावर लिहिले तर मोंढ्यात बाप कामाला असलेल्या लेकराला निदान त्यात आपलं काही सापडेल.

दुसरं नुकसान जास्त खोल आहे. वर्ग आणि घनाचं हे गणित मुंगीपुरतं नाही, ते आपल्या खळ्यावर रोज घडतं आणि आपण ओळखत नाही. सोयाबीन काढणीला यावं आणि परतीच्या पावसानं गाठावं, हे मराठवाड्याला नवं नाही. ओलं सोयाबीन घाईघाईनं ढीग करून ताडपत्रीखाली झाकतात. ओला दाणा श्वास घेत असतो, बुरशीही लागते, दोन्हींतून ऊब निघते. ऊब तयार होते ढिगाच्या सगळ्या घनफळात आणि बाहेर पडते फक्त पृष्ठभागातून. ढीग लांबी, रुंदी, उंचीला दुप्पट केला की माल आठपट होतो, उघडा पृष्ठभाग मात्र चौपटच. प्रत्येक दाण्याच्या वाट्याला उष्णता जायची वाट निम्मी आली. म्हणून "मागच्या वर्षी एवढाच ओला होता, दोन दिवस झाकून ठेवला, काही झालं नाही" हे म्हणणं फसतं. मागच्या वर्षी ढीग लहान होता. मोठ्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला की आत चटका बसतो, वरचे दाणे मात्र गार. नंतर आतला माल काळवंडतो, वास मारतो, बियाण्यासाठी ठेवला असेल तर उगवत नाही, आणि १२ टक्के ओलाव्याच्या अटीत खरेदी केंद्रावर बसत नाही ती गोष्ट निराळी. उपाय कुणालाही माहीत आहे: एका मोठ्या ढिगाऐवजी पातळ थर, आणि दिवसातून दोनदा उलथापालथ. तो का लागू पडतो हे भूमिती सांगते. थंडीत करडू कुडकुडतं आणि शेळी निवांत रवंथ करते, त्याचंही कारण हेच. नववीच्या पुस्तकात पृष्ठफळ आणि घनफळ हा धडा आहे. त्यात डबे आहेत, टाक्या आहेत, शंकू आहेत. ढीग नाही, करडू नाही, मुंगीही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. विज्ञान प्रदर्शनात "मुंगीची ताकद" हा तक्ता लावायचा असेल तर त्यासोबत मोजणी हवी, नाहीतर तक्ता नको. मोजणी अवघड नाही. सराफाच्या काट्यावर एक मिलिग्रॅमपर्यंत वाचता येतं. मुंगी एकेकटी तोलायला जाऊ नये, ती हलते आणि आकडा नाचतो. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या, झाकणासकट रिकामी तोला, कागदाच्या घडीनं त्यात वीस मुंग्या सोडा, झाकण लावून पुन्हा तोला आणि फरकाला वीसनं भागा. पंखा बंद हवा, काट्याची काच खाली हवी. दाण्यांचंही तसंच करा: शंभर ज्वारीचे दाणे तोलले की एका दाण्याची सरासरी मिळते.

इथं हमखास एक चूक होते. पोरं अंगणातला मोठा काळा मुंगळा पकडतात आणि त्याच्यापुढं ज्वारी टाकतात. तो ढुंकूनही बघत नाही, कारण त्याला गोड रस आणि मेलेले किडे हवेत. कापसाच्या शेंड्यावर मुंगळे फिरतात तेही मावा ही कीड सोडते तो चिकटा चाटायला. पीक ते खात नाहीत, पण माव्याची राखण मात्र करतात. त्यामुळे मुंगळ्याला गुळाचे तोललेले खडे द्या, आणि दाणे उचलताना बघायचं असेल तर खळ्याजवळचं दाणे साठवणाऱ्या मुंग्यांचं बीळ शोधा. नोंद करताना दोन रकाने ठेवा: उचललं आणि ओढलं. ओझं जमिनीला कुठंही टेकलं नाही तरच ते उचललं. हा एक नियम पाळला की निम्मे विक्रम तिथंच गळतात. झुरळाला लागलेल्या वीस-पंचवीस मुंग्या हा तिसराच प्रकार. त्यात काही उलट दिशेनंही ओढत असतात. आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा नाही, निदान वीस नोंदींची सरासरी लिहायची. काम झालं की मुंग्या जिथून आणल्या तिथंच सोडा, दुसऱ्या बिळाजवळ सोडल्या तर तिथल्या मुंग्या त्यांना फाडतात.

दुसरा प्रयोग काळ्या मातीचा. चाळलेली माती कणकेसारखी मळून एकच गोळा करा. त्यातून तीन कांड्या वळा: १ सेंटिमीटर जाड व ८ लांब, २ जाड व १६ लांब, ४ जाड व ३२ लांब. तिन्ही आकारानं एकसारख्या, माती मात्र १, ८ आणि ६४ या प्रमाणात. प्रत्येकीचा अर्धा भाग टेबलावर फळीखाली दाबून धरा, अर्धा कडेबाहेर मोकळा ठेवा. कोणती वाकेल आणि कोणती तुटेल हे ओलीवर आहे, पण क्रम ठरलेला: मोठी आधी. कांड्या एकाच वेळी करा, कारण आपली काळी माती वाळताना भेगाळते आणि मग तुटण्याचं खापर भेगेवर फुटतं. "मोठ्या कांडीची माती कच्ची होती" असं कुणीतरी म्हणणारच. तेव्हा त्या तुटलेल्या कांडीतूनच चिमूटभर माती घ्यायची, एक सेंटिमीटर जाड आणि आठ लांब कांडी वळायची आणि तिथंच कडेबाहेर धरायची. ती सरळ राहते.